जगाले गेलेली माणसं

(वडसा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मायबाप रसिकहो,

वडशात माईकसमोर उभं राहिलं की हा शब्द आपसूक तोंडात येतो. भाऊबीज झाली की या गावातून नाटकांच्या गाड्या निघतात, कुठे मंडई असते, कुठे शंकरपट असतो, आणि रात्री दहा-अकराच्या पुढे कुठल्या तरी खेड्यातल्या मंडपात हाच शब्द ऐकू येतो. नाटकवाल्यांच्या गावात मी सिनेमावर बोलायला आलो आहे. विषय मात्र आपल्या घरातला आहे. झाडीपट्टीत एखाद्या घराला कुलूप दिसलं, अंगणात सडा पडलेला नसला, की शेजारीण सांगते, "ते जगाले गेले जी." सरकारी कागदावर याला स्थलांतर म्हणतात. त्या शब्दात माणूस इथून तिथे सरकतो, एवढंच कळतं. आपल्या शब्दात तो का गेला हेही सांगून होतं, आणि इथे राहून जगणं होत नव्हतं हेही.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींच्या हाताखाली मी चौथीपर्यंत शिकलो. रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर बायका पोस्टकार्ड घेऊन बसायच्या. कुणाचा नवरा भिलाईला, कुणाचा मुलगा नागपूरला, कुणाचा भाऊ बल्लारशाच्या कागद कारखान्यावर. गुरुजी विचारायचे, "सांग बाई, काय लिहू?" बाई सांगायची. गाय व्याली. बोडीत पाणी नाही. लेकराले ताप होता, आता उतरला. सोसायटीचा माणूस येऊन गेला. मग ती गप्प व्हायची. गुरुजी टाक उचलून धरायचे आणि थांबायचे. घाई करत नसत, "आणखी काही?" असंही विचारत नसत. कार्डाच्या तळाशी दोन बोटं जागा कोरी राहिलेली असायची आणि ती तशीच राहू द्यायचे. मी पाटी घेऊन खांबाला टेकून बसलेलो असायचो. त्या कोऱ्या जागेचं मला मोठं नवल वाटायचं.

पुढे सिनेमे पाहू लागलो, फिल्म सोसायटीच्या नादाला लागलो. घर सोडून गेलेल्या माणसांचे सिनेमे पाहताना मी नेहमी ती दोन बोटं जागा शोधत आलो आहे. परक्या मुलखात गेलेला माणूस कोणत्या भाषेत काम मागतो, कोणत्या भाषेत हिशेब करतो आणि कोणत्या भाषेत गप्प बसतो, हे ज्या सिनेमाला दिसलं त्याला ते स्थलांतर कळलं, असं माझं मत आहे. बाकी गाडीची शिट्टी, डोक्यावरची पेटी आणि फलाटावरची गर्दी कुणालाही दाखवता येते.

सुरुवात मुक्या सिनेमापासून करतो. चार्ली चॅप्लिन स्वतः इंग्लंडातून अमेरिकेत गेलेला माणूस. त्याचा ‘द इमिग्रंट’ १९१७ सालचा, अर्ध्या तासाहूनही छोटा. जहाजावर माणसं खचाखच भरली आहेत, समुद्र हलतो तशा जेवणाच्या थाळ्या टेबलावर इकडून तिकडे घरंगळतात, आणि आपण हसतो. मग न्यूयॉर्कचा तो स्वातंत्र्याचा पुतळा दिसतो. सगळे कठड्याशी येऊन त्याच्याकडे बघत राहतात. त्याच क्षणी अधिकारी येतात आणि सगळ्यांना एका दोरीमागे ढकलतात, गुरं आवरावी तसे. चार्ली एकदा दोरीकडे पाहतो, एकदा पुतळ्याकडे. शब्द एकही नाही. शंभर वर्षं उलटून गेली, पण रोजगारासाठी निघालेल्या माणसाला मुकादम गाडीत मोजून बसवतो तेव्हा मला ती दोरी दिसते.

आपल्याकडे या विषयाला एक चेहरा मिळाला तो बलराज साहनींचा. रावळपिंडीत जन्मलेला हा माणूस १९३८ साली आपल्या विदर्भात, सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीमच्या कामात होता. पुढे लंडनला बीबीसीवर गेला, नंतर मुंबईला आला. फाळणी झाली आणि त्याचं जन्मगाव परदेश झालं. बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा ज़मीन’मध्ये, १९५३ साली, तो शंभू झाला. जमीन वाचवायची तर कर्ज फेडलं पाहिजे, म्हणून शंभू मुलाला घेऊन कलकत्त्याला जातो आणि हातरिक्षा ओढतो. साहनींनी त्यासाठी खरोखर रिक्षा ओढायची सवय केली होती. शेवटी शंभू परततो तेव्हा त्याच्या शेतावर कारखाना उभा राहतो आहे. तो कुंपणाशी वाकून मूठभर माती उचलतो, तर पहारेकरी तीही टाकायला लावतो. वीस वर्षांनी एम. एस. सथ्यूंच्या ‘गर्म हवा’त हाच माणूस सलीम मिर्झा झाला, आग्र्याचा जोड्यांचा कारखानदार. फाळणीनंतर आजूबाजूचे नातेवाईक एकेक करून पाकिस्तानात जातात आणि हा राहतो. त्या सिनेमात त्याची म्हातारी आई आहे. हवेली सोडायची वेळ येते तेव्हा ती सरपणाच्या खोलीत जाऊन लपते आणि तिला उचलून बाहेर आणावं लागतं. त्या भूमिकेचं डबिंग आटोपलं आणि १९७३ च्या एप्रिलमध्ये साहनी गेले. जन्मगाव गमावलेल्या माणसाने गाव न सोडणाऱ्याचं काम करून जगाचा निरोप घेतला, हे आठवलं की तो सिनेमा मला नीट बघवत नाही.

गुरुजींच्या ओसरीच्या सगळ्यात जवळ येतो तो मुझफ्फर अलींचा ‘गमन’, १९७८ चा. उत्तर प्रदेशातल्या कोटवाऱ्याकडचा गुलाम हसन मुंबईत टॅक्सी धुतो, मग चालवतो. फारूक शेख यांनी ते काम केलं. नाना पाटेकर पडद्यावर पहिल्यांदा दिसले तेही यातच. पण सिनेमा तोलून धरला आहे तो स्मिता पाटील यांनी. गावाकडे राहिलेली बायको, खैरुन. तिला संवाद अगदी थोडे. पत्र आलं की ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं, उत्तर लिहून घ्यायचं, सासूकडे बघायचं आणि दाराशी उभं राहायचं. आपल्या खानदेशच्या लेकीने अवधमधल्या बाईचं मौन इतकं नेमकं ओळखलं. मला वाटतं, ते कुठल्याही भाषेतल्या बाईला ओळखू आलं असतं. शेवटी गुलाम हसन रेल्वे स्टेशनवर उभा आहे. साठवलेले पैसे घेऊन घरी जायचं, तर त्यातले निम्मे जाण्यायेण्यातच संपणार. गाडी निघते. तो तिथेच उभा राहतो. पुष्कळ सिनेमांमध्ये माणूस शेवटी घरी पोचतो किंवा मरतो. हा हिशेब करतो आणि राहून जातो. आपल्या तालुक्यातल्या किती घरांचा हाच हिशेब आहे, ते तुम्ही जाणता.

आता मी ज्यासाठी आलो त्याकडे वळतो. वडशाचं स्टेशन डोळ्यांपुढे आणा. एक रूळ गोंदियाकडे जातो आणि तिथे मुंबई-हावड्याच्या मोठ्या रस्त्याला मिळतो. पूर्वेला रायपूर, त्यापुढे बंगाल. दुसरा रूळ ब्रह्मपुरी, नागभीड, मूल करत चांदा फोर्ट आणि बल्लारशाकडे जातो. तिथून दक्षिणेला उतरलात की तेलंगणा. गडचिरोलीकडे जाणारा तिसरा, ५२ किलोमीटरचा रूळ येतो आहे, येतो आहे असं आपण कित्येक वर्षं ऐकत आलो. यातल्या पूर्वेच्या वाटेने माणसं आपल्याकडे आली आणि दक्षिणेच्या वाटेने आपली माणसं जातात. वडसा या दोन्हींच्या मधोमध बसलं आहे.

पूर्वेकडून आले ते बंगाली. पूर्व पाकिस्तानातून निघालेल्या लोकांसाठी केंद्र सरकारने १९५८ साली दंडकारण्य प्रकल्प काढला. रायपूरजवळच्या माना कॅम्पात माणसं तंबूत राहिली आणि तिथून ओरिसात, बस्तरमध्ये आणि आपल्या तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवली गेली. आज मुलचेरा तालुक्यातलं सुंदरनगर, विवेकानंदपूर, इकडे अर्जुनी-मोरगावकडचं अरुणनगर ही गावं तुम्हाला माहीत आहेत. वडशाच्या बाजारात मासळीच्या पाट्यांमागून बंगाली ऐकू येतं. फाळणीनंतर सिंधी कुटुंबंही याच बाजारात आली, दुकानं थाटली आणि गिऱ्हाइकाशी झाडी बोलीत बोलू लागली. गावात नव्या आलेल्या माणसाला ती माणसं इथलीच वाटतात, आणि ती आता इथलीच आहेत.

या बंगाली माणसांची व्यथा पडद्यावर आणली ऋत्विक घटकांनी. ढाक्यात जन्मलेले, फाळणीत सगळं तिकडे राहिलेले. १९६५ च्या सुमारास ते पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला होते, म्हणजे महाराष्ट्राशीही त्यांचं नातं आहे. त्याआधी १९५० साली निमाई घोष यांनी ‘छिन्नमूल’ केला होता. त्यात सियालदह स्टेशनवर येऊन पडलेली खरी निर्वासित माणसं दिसतात, आणि त्या सिनेमात घटकांनी काम केलं होतं. मग फाळणीवरचे त्यांचे स्वतःचे तीन सिनेमे आले. ‘मेघे ढाका तारा’त निर्वासितांच्या वसाहतीतली नीता अख्खं घर पोसते. सुरुवातीलाच रस्त्यावर तिच्या चपलेचा पट्टा तुटतो आणि ती पाय ओढत पुढे जाते. पुढे काय काय होतं ते सांगत नाही. एवढंच सांगतो की शेवटी त्याच रस्त्यावर दुसऱ्याच एका मुलीच्या चपलेचा पट्टा तुटतो.

वडसेकरांनी एकच सिनेमा पाहायचा असेल तर ‘कोमल गांधार’ पाहावा. १९६१ चा. याचं कारण असं की तो नाटकवाल्यांचा सिनेमा आहे. फाळणीने उखडलेली पोरं-पोरी कलकत्त्यात नाटकं करतात. मंडळीत फूट पडते, एक गट दुसऱ्याचं नाटक पाडायला बघतो, तालमींमध्ये भांडणं, गाडीतून दौरे, पैशांची चणचण. ज्यांनी वडशाच्या नाट्यमंडळात हंगाम काढला आहे त्यांना यातली एकेक गोष्ट ओळखीची वाटेल. दौऱ्यावर असताना ही मंडळी लालगोल्याला पद्मा नदीच्या काठी येतात. पलीकडचा काठ दिसतो आहे. त्या काठावर भृगूचं घर आहे, अनसूयेचंही. पूर्वी ज्या रुळांवरून गाडी नदीकाठापर्यंत यायची आणि पुढे नावेने माणसं पलीकडे जायची, ते रूळ आता मध्येच संपतात. भृगू म्हणतो, याच रुळांनी दोन्ही मुलूख जोडले जायचे, आता तेच रूळ तुटल्याची खूण झाले. मग कॅमेरा रुळांवरून धावू लागतो. वेग वाढतो, कोरसचे आर्त सूर वाढत जातात, रूळ संपण्याची जागा अंगावर येते आणि पडदा काळा होतो.

मी हा सिनेमा पहिल्यांदा नागपुरात पाहिला. दिवे लागले तेव्हा माझ्या मनात पद्मा नव्हती. आपल्या स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर संध्याकाळी सेट भरून उभी असलेली नाटकाची गाडी होती. मुंबई-पुण्याकडून चार महिन्यांसाठी आलेले नट, गावच्या वेशीवर वाट पाहणारे आयोजक, आणि होळीनंतर मंडळांच्या कार्यालयांना लागणारी कुलुपं. झाडीपट्टीचं नाटकही जगाले जाणाऱ्यांचंच आहे. कोमल गांधार म्हणजे गांधार जरा खाली उतरलेला, गातानाच दुखणारा. घटकांचा हा सिनेमा चालला नाही आणि त्या अपयशाने ते खचले. लोकांना वाटलं, यात काही नीट घडतच नाही. गाव गमावलेल्या माणसाच्या मनात गोष्ट सरळ चालत नाही, ती सारखी त्या काठाशी येऊन थांबते. ज्यांच्या घरचं कुणी असं गेलं आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

घटकांवर माझं प्रेम आहे म्हणूनच त्यांच्याबद्दलची एक गोष्ट स्पष्ट बोलतो. त्यांच्या सिनेमांतली बहुतेक निर्वासित माणसं शिकलेली आहेत, कलकत्त्याभोवतीच्या वसाहतींतली आहेत. दंडकारण्यात पाठवले गेले त्यांतले बहुसंख्य नमःशूद्र होते. शेतकरी, मच्छीमार, होडीवाले. सरकारने ज्यांना कलकत्त्याजवळ राहू दिलं नाही ती ही माणसं. ‘सुवर्णरेखा’त घटकांनी या जखमेला हात लावला. वसाहतीत अनाथ म्हणून वाढलेल्या अभिरामची आई बागदी जातीची निघते आणि मग त्याच निर्वासित घरात त्याच्यासाठी दारं बंद होऊ लागतात. पण घटकांचा कॅमेरा माना कॅम्पापर्यंत आला नाही, आपल्या जंगलापर्यंत तर मुळीच नाही. आणि मराठीत आपणही त्यांच्यावर एक सिनेमा केला नाही. साठ वर्षं ही माणसं आपल्या शेजारी आहेत. त्यांची मुलं आपल्या मुलांबरोबर मराठी शाळेत शिकली. बंगालमध्ये अनुसूचित असलेली जात महाराष्ट्राच्या यादीत नाही, म्हणून ती दाखल्यासाठी अर्जामागून अर्ज करत राहिली. एवढा मोठा विषय दाराशी असून आपल्याला दिसला नाही, याचं मला वाईट वाटतं, आणि त्यात मी स्वतःही आहे.

एका बंगाली आजीने मला सांगितलेलं सांगतो. ट्रकमधून उतरवलं तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची होती. भोवती जंगल, आणि येणाऱ्या माणसांचं एक अक्षर कळत नाही. दोन दिवसांनी जवळच्या गावची एक म्हातारी आली, ओंजळ पुढे करून म्हणाली, "धान." आजी म्हणाली, "ऐकलं नि जीव थंड झाला." बंगालीत धानच म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रातलं कुणी आलं असतं तर भात म्हणालं असतं, आणि बंगालीत भात म्हणजे शिजलेला भात. आपली झाडी बंगालला धानाने जोडलेली निघाली. आपण रोवणा म्हणतो, ते रोया म्हणतात. दोघेही चिखलात वाकून तेच करतात. आता ती आजी नातवंडांना बंगालीत रागावते, बाजारात झाडीत भाव करते आणि डॉक्टरकडे मोडक्या हिंदीत दुखणं सांगते. दुखतं कुठे ते मात्र बोटानेच दाखवते. आमच्या गुरुजींच्या कार्डावरची दोन बोटं जागा हीच, असं मला वाटतं.

गोठणगावजवळचे तिबेटी तर आणखी मुके राहिले. १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही त्यांची वस्ती तिथे आहे. थंडीत स्वेटर विकायला ते गावोगाव जातात, ते आपल्याला माहीत, पण त्यांच्या घरात काय बोललं जातं ते आपण ऐकलेलं नाही. त्यांच्यासाठी एक सिनेमा सुचवतो, ख्येंत्से नोर्बू यांचा ‘द कप’, १९९९ चा. हिमाचलातल्या बीरच्या मठातली पोरं. त्यांना १९९८ च्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना बघायचा आहे, म्हणून टीव्ही आणि डिश भाड्याने आणायची धडपड. पैसे कमी पडतात तेव्हा तिबेटातून नुकत्याच आलेल्या एका पोराचं घड्याळ गहाण पडतं. आईने दिलेलं घड्याळ. सामना सुरू होतो, आणि ज्याने घड्याळ गहाण टाकलं त्याचं मन मॅचमध्ये लागेना. सिनेमा तिबेटी भाषेतला आहे, काम करणारे खरे भिक्षू आहेत. गोठणगावच्या शाळेत हा एकदा दाखवा. तिबेटी पोरांशेजारी आपल्या पोरांना बसवा.

परदेशी गेलेल्या मराठी माणसांवर फार वेळ घेत नाही, त्यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. एका सिनेमाचं नाव मात्र घेतो, गौरी शिंदे यांचा ‘इंग्लिश विंग्लिश’, २०१२ चा. पुण्याची शशी गोडबोले न्यूयॉर्कला जाते, इंग्रजी येत नाही म्हणून घरच्यांच्या टोमण्यांत जगलेली. तिथे शिकवणीत एक फ्रेंच माणूस भेटतो. गच्चीवर ती हिंदीत मन मोकळं करते, तो फ्रेंचमध्ये. एकाला दुसऱ्याचं कळत नाही, आणि दोघांना बरं वाटतं. लाखो रुपये खर्चून परदेश दाखवणाऱ्या सिनेमांना जे जमलं नाही ते त्या एका गच्चीने केलं.

आता दक्षिणेचा रूळ. डिसेंबरात धान कापून, चुरणा उरकून, घरात सहा महिन्यांचे तांदूळ भरले की आपल्याकडच्या टोळ्या निघतात मिरची तोडायला. वरंगळकडे, खम्ममकडे. पिकअपमध्ये पोरंसोरं, भांडी, गोधड्या. तेलंगणाच्या रानात प्लास्टिकचा तंबू. दिवसभर तोडणी, संध्याकाळी काट्यावर वजन. मिरची तोडणाऱ्या बाईचा हात कधी बघितला असेल तर सांगायला नको. बोटांच्या पेरांतून आग निघते, रात्री गोडंतेल लावून, मातीत हात खुपसून झोपायचं, आणि तान्ह्याला छातीशी घेताना मनगटाने घ्यायचं, बोटं लागू द्यायची नाहीत. माझी मोठीमाय अकरा हंगाम गेली. मार्च-एप्रिलमध्ये परतायची तेव्हा मजुरीतून आणलेल्या मिरचीचं पोतं तिच्या अगोदर घरात शिरायचं आणि आम्ही सगळे शिंकत सुटायचो. एका हंगामात काट्यावर त्यांच्या मिरचीचं वजन रोज दोन-चार किलो कमी भरत होतं. ते कळलं तेव्हा निघायची वेळ झाली होती. कुणाला सांगणार आणि कोणत्या भाषेत? त्यानंतर ती तेलुगू आकडे शिकली. ओकटी, रेंडू, मूडू. पुढच्या वर्षीपासून काट्यापाशी तीच उभी राहायची.

२०२० च्या मार्चच्या पंचवीस तारखेला देश बंद झाला तेव्हा आपल्या टोळ्या तिथेच होत्या. तोडणी आटोपत आलेली, मुकादमाचा फोन बंद, गाड्या बंद. माणसं पायी निघाली. सिरोंच्याकडून, चंद्रपूरकडून, नदीनाल्यांतून, जंगलातून, लेकरं खांद्यावर घेऊन. तुमच्यातल्या काहींनी त्यांच्यासाठी रस्त्यावर भात शिजवला होता, ते मला ठाऊक आहे. त्या दिवसांवर सिनेमे झाले. विनोद कापरींचा माहितीपट, अनुभव सिन्हांचा ‘भीड’. माझ्या मनात राहिला तो नीरज घायवान यांचा ‘होमबाउंड’, २०२५ मध्ये कान महोत्सवात दाखवलेला. शोएब आणि चंदन, एक मुसलमान, एक दलित. दोघांनाही पोलिसात भरती व्हायचं आहे. पहाटे वडसा-कुरखेडा रस्त्यावर धावणारी पोरं तुम्ही रोज पाहता, तीच ही पोरं. भरतीचा निकाल लांबतो, चंदन सुरतच्या कापड गिरणीत जातो, शोएबही. मग टाळेबंदी, आणि घराकडची वाट. ती वाट दोघांपैकी एकालाच पुरी करता येते. घायवान यांनी कुणालाही बिचारं केलेलं नाही, म्हणून तो सिनेमा इतका लागतो.

आपल्या नाटकांबद्दलही एक बोलतो. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा अख्ख्या झाडीला आपला सन्मान झाल्यासारखं वाटलं. त्याच्या आदल्या वर्षी तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ आला आणि झाडीपट्टीची रंगभूमी पडद्यावर दिसली. म्हणजे आपलं नाटक सिनेमात गेलं. पण सिनेमाने सोडलेला विषय आपलं नाटक घेऊ शकतं, आणि त्याला लागणारं सगळं वडशात आहे. मिरचीच्या टोळीचं नाटक लिहा. त्यात ठेकेदार तेलुगूतच बोलू द्या, खाली भाषांतर नको. प्रेक्षकांतले अर्धे लोक तेलंगणात राहून आलेले आहेत, त्यांना कळेल, आणि ज्यांना कळणार नाही त्यांना शेजारचा सांगेल. बंगाली आजीचं काम कुणा बंगाली बाईला द्या. झाडी बोलणारी पात्रं फक्त हसवण्यासाठी नकोत. खेड्यातल्या मंडपात दहा हजार माणसं रात्रभर बसतात. एवढा प्रेक्षक आणि एवढ्या भाषा ज्या गावाकडे आहेत, त्याने ही गोष्ट दुसऱ्याने सांगायची वाट का पाहावी?

आता शेवटचा सिनेमा. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’, २०१६ चा. महाराष्ट्र त्यातल्या गाण्यांवर नाचला, शेवटाने सुन्न झाला. त्याचा मधला भाग मात्र फार कुणी बोलत नाही. आर्ची आणि परश्या पळून हैदराबादला जातात, झोपडपट्टीत खोली, डोशाची गाडी, आर्चीला बाटल्यांच्या कारखान्यात काम. बुलेट चालवणारी, सगळ्यांना दम देणारी पाटलाची पोरगी तिथे गप्प होते, रडते, घरी फोन करते. आणि हळूहळू तेलुगू शिकते. मराठी सिनेमात स्थलांतराचं इतकं खरं चित्रण मी दुसरं पाहिलेलं नाही.

टीव्हीवर लागला तेव्हा आम्ही गावी होतो. घरातली पोट्टी पहिल्या भागात नाचत होती. मोठीमाय कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती, तिचं लक्ष नव्हतं. हैदराबाद आलं, पडद्यावरची माणसं तेलुगूत बोलू लागली, आणि घर गप्प झालं. कुणाला काही कळेना. मोठीमायने सूप खाली ठेवलं.

"काय म्हनते जी ते?" माझ्या पुतणीने विचारलं.

मोठीमाय सरकत सरकत टीव्हीजवळ आली आणि एकेक वाक्य सांगू लागली. तिचे हात मांडीवर होते, बोटं किंचित उघडी, मिरचीच्या दिवसांत ठेवायची तशी. मध्येच थांबून ती आर्चीकडे बघत म्हणाली, "बराबर बोलते पोट्टी. पहिल्या साली मी असाच अडखळत होतो." मग जाहिरात लागली, तरी ती तिथून उठली नाही.